‘आमच्याकडेच का?’ : अमेरिकन विद्यापीठाच्या छोट्या निबंधात काय लिहावं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नाशिकला बारावी सायन्सला आहे. घरची द्राक्षबाग आहे, तिला वनस्पतींच्या रोगांवर शिकायचं आहे आणि अमेरिकेतल्या आठ-नऊ विद्यापीठांना अर्ज करायचा आहे. ६५० शब्दांचा मुख्य निबंध झाला. पण बरीच विद्यापीठं वेगळा छोटा निबंध मागतात, ‘आमच्याकडेच का यायचं आहे?’ आणि तिथे घोडं अडलं आहे. क्लासने दिलेल्या नमुन्यात रँकिंग, सुंदर कॅम्पस, नामवंत प्राध्यापक असं सगळं आहे. एकच मसुदा नाव बदलून सगळीकडे चालेल का? कौतुक किती करावं? न्यू जर्सीला मामा राहतो, ते लिहावं का?

ताई, शेवटचा प्रश्न सगळ्यांत सोपा, म्हणून तो आधी. मामाचं लिहू नका. नातेवाईक जवळ असणं हे आईवडिलांच्या दृष्टीने विद्यापीठ निवडायचं रास्त कारण आहे, पण अर्ज वाचणाऱ्याला त्यातून मुलीबद्दल काहीच कळत नाही. शिवाय तुमच्या यादीतलं कॉर्नेल न्यू यॉर्क राज्यात असलं तरी न्यू यॉर्क शहरात नाही. ते इथाका नावाच्या गावात आहे आणि न्यू जर्सीहून तिथे जायला गाडीने साडेतीन-चार तास लागतात. मामा दर रविवारी डबा घेऊन येईल अशी आशा असेल तर ती आत्ताच सोडा.

आता मुख्य मुद्दा. हा प्रश्न वाचला की मुलं विद्यापीठाचं वर्णन लिहायला बसतात. प्रश्न दिसतोही तसाच. पण आपल्या आवारात तलाव आहे, ग्रंथालय मोठं आहे, अमुक इतकी नोबेल आहेत, हे अर्ज वाचणाऱ्या माणसाला ठाऊक आहे. त्याचं माहितीपत्रक त्याच्याच ऑफिसातून निघालेलं असतं. त्याला कळून घ्यायचं असतं ते वेगळं. ही मुलगी आज कशाच्या मागे लागली आहे, त्यात ती स्वतःच्या हिमतीवर कुठवर आली आहे, आणि पुढचं पाऊल टाकायला तिला आमच्याकडे काय सापडलं. यातला पहिला भाग कागदावर नसेल तर उरलेल्या दोन्हींना आधार राहत नाही. बहुतेक मसुदे तिथेच पडतात. ते थेट तिसऱ्या भागापासून सुरू होतात.

विद्यापीठं हे विचारतात तरी कशाला? कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या संकेतस्थळावर, एका विद्यार्थ्याला २० विद्यापीठांपर्यंत अर्ज करता येतो, आणि शेवटी तो जातो एकाच ठिकाणी. जागा दिल्यावर कोण खरोखर येईल याचा अंदाज विद्यापीठाला बांधावा लागतो, नाहीतर वर्ग रिकामे राहतात किंवा हॉस्टेल ओसंडून वाहतं. अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं ठरावीक नमुन्यातलं पत्रक प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि हे शब्द टाकून शोधलं की ते सापडतं. त्यातला ‘सी-७’ हा तक्ता मुलीने यादीतल्या प्रत्येक विद्यापीठासाठी बघावा. मार्क, निबंध, शिफारसपत्र यांना किती वजन आहे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ‘अर्जदाराला आमच्यात असलेला रस’ अशीही एक ओळ असते. काहींनी त्या ओळीपुढे ‘विचारात घेत नाही’ अशी खूण केलेली असते, काहींनी ‘महत्त्वाचं’. जिथे महत्त्वाचं आहे तिथे हा छोटा निबंध रात्री अकरा वाजता उरकायची गोष्ट नाही, हे ती खूणच सांगते.

सगळेच हा प्रश्न विचारत नाहीत, तेही लक्षात ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा आहे. तिथे आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं लिहायची, आणि तीच उत्तरं बर्कलीपासून डेव्हिसपर्यंत निवडलेल्या सगळ्या कॅम्पसना जातात. त्यामुळे ‘डेव्हिसच का’ हे लिहायला जागाच नाही. ब्रिटनचंही तसंच. यूकासचं, म्हणजे तिथल्या सामायिक अर्जाचं, निवेदन एकच असतं, पाच ठिकाणी तेच जातं, म्हणून त्यात विद्यापीठाचं नाव घ्यायचं नसतं. तिथे ‘हा विषय का आणि त्यासाठी तयारी काय’ असं विचारतात, ‘आमच्याकडेच का’ असं नाही. अमेरिकेसाठी लिहिलेला मसुदा ब्रिटनच्या अर्जात चिकटवणारी मुलं दरवर्षी भेटतात.

मसुदा तपासायची एक कसोटी सगळे सांगतात: विद्यापीठाचं नाव काढून दुसरं घाला, निबंध तसाच चालला तर तो फेकून द्या. कसोटी बरोबर आहे, पण अर्धी आहे. तुमच्या क्लासचा नमुना तिच्यात लगेच नापास होतो. ‘आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या समृद्ध परंपरेने मी लहानपणापासून भारावून गेले आहे’ हे वाक्य पर्ड्यूला चालेल, मिशिगनला चालेल, पुण्याच्या गल्लीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटलाही चालेल. मग मुलं हुशार होतात. वेबसाइट उघडून तीन प्राध्यापकांची नावं, दोन कोर्स, एक प्रयोगशाळा आणि एक क्लब उचलतात. ‘मला प्राध्यापक अमुक यांच्या गटात काम करायला आवडेल, तमुक हा कोर्स मला घडवेल, आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळात मी दिवाळी साजरी करीन.’ आता विद्यापीठाचं नाव बदलता येत नाही, म्हणून सगळे खूश.

तिथे मी दुसरी कसोटी लावते. विद्यापीठाचं नाव तसंच ठेवा आणि खाली सही दुसऱ्या मुलीची करा. लातूरच्या, इंदूरच्या, कोणाच्याही. निबंध चालला? मग तोही गेला. कोर्सची यादी कुणीही उतरवू शकतं. वाचणारा ती उतरवलेली यादी दिवसभर वाचत असतो.

म्हणून सुरुवात वेबसाइटपासून नको, बागेपासून करा. इथून पुढचं थेट मुलीशी बोलते.

बाळ, तू लिहिलेल्या ओळींत ‘मला शेतकऱ्यांसाठी काहीतरी करायचं आहे’ असं वाक्य आहे. खरं असेल, पण त्यात तू दिसत नाहीस. बागेत तू स्वतः काय केलंस ते आठव. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनीची, म्हणजे केवडा रोगाची भीती, फवारणी कधी काढायची यावरून घरात वाद, शेजारच्या बागेत ब्लोअर फिरला म्हणून आपणही फिरवायचा; हे तू बघतच मोठी झालीस. त्यात तुझा प्रश्न कुठला? पान किती तास ओलं राहिलं की रोग लागतो, हे तू कधी मोजलंस का? वडिलांच्या फवारणीच्या वहीशी पावसाच्या नोंदी ताडून पाहिल्यास का? ‘या फवारण्यांपैकी गरजेच्या किती होत्या’ असा प्रश्न कधी मनात आला आणि त्याच्यापायी कुणाशी वाद घातलास का? पुण्याजवळ मांजरी इथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या कुणा शास्त्रज्ञाला शिवारफेरीत काही विचारलंस आणि उत्तराने समाधान झालं नाही, असं झालं का? यांपैकी एकाचं उत्तर ‘हो’ असेल तर तुझा निबंध तिथे आहे. एकाचंही नसेल तर मुदतीला अजून वेळ आहे. वही घे आणि या हंगामात नोंदी सुरू कर. निबंधासाठी नाटक म्हणून करू नकोस. चार वर्षं तेच शिकायचं म्हणतेस तर आवडतं का ते तरी कळेल.

समजा हा प्रश्न हाती आला. आता पुढची पायरी लिही: हे मोजून मला काय कळलं नाही? तुला पानावरचा ओलावा मोजता आला, पण त्यावरून रोगाचा अंदाज बांधायचं गणित येत नाही. ते शिकायला रोगशास्त्र हवं, हवामान हवं, संख्याशास्त्र हवं आणि हे सगळं द्राक्षावर करणारं ठिकाण हवं. एवढं कागदावर आलं की मग वेबसाइट उघड. आता तुला काय शोधायचं ते माहीत आहे.

कॉर्नेलचं उदाहरण घेऊ, कारण ते तुझ्या यादीत आहे. तिथे कृषी आणि जीवशास्त्राचं स्वतंत्र कॉलेज आहे आणि अर्ज करतानाच मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडावा लागतो, म्हणून त्यांचा प्रश्नही ‘हा मेजर का आणि तो आमच्याच कॉलेजात का’ असा दुहेरी असतो. द्राक्षशेती आणि वाइननिर्मिती हा तिथे पदवीचा मेजर आहे. असा मेजर असलेली विद्यापीठं अमेरिकेतही मोजकीच. इथाकापासून गाडीने तासाभरावर जिनिव्हा नावाच्या गावात (स्वित्झर्लंडचं नव्हे) त्यांचं कृषी संशोधन केंद्र आहे. ते १८८० साली राज्याने स्थापन केलं आणि १९२३ पासून कॉर्नेलचा भाग आहे. द्राक्षाच्या नव्या जाती आणि द्राक्षावरचे रोग हे त्यांचं जुनं काम. कॉर्नेलच ‘नेवा’ नावाची एक सेवा चालवतं: बागायतदारांच्या शेतातल्या हवामानकेंद्रांच्या नोंदी घेऊन रोगाचा धोका कधी आहे ते सांगणारी. म्हणजे तू वहीत जे करू पाहतेस तेच, मोठ्या प्रमाणावर.

इथे थांबलीस तर निबंध चांगला होईल. आणखी एक पायरी चढलीस तर तो तुझा होईल. न्यू यॉर्कमध्ये वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या होतात, वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही, पानं जवळपास वर्षभर असतात. मग थंड प्रदेशात बसवलेलं रोगाच्या अंदाजाचं गणित निफाडला लागू पडेल का? हा प्रश्न तिथल्या वर्गात तुझ्याशिवाय कुणाच्या मनात येण्याची शक्यता कमी. ‘विद्यापीठ मला काय देईल’ यावर सगळेच लिहितात. ‘मी तिथे कुठला प्रश्न घेऊन येईन’ यावर फार थोडे.

मसुदा साधारण असा उतरेल. भाषा तुझी ठेव, हा फक्त क्रम आहे:

‘आमच्याकडे फवारणी ढग बघून ठरते. गेल्या हंगामात मी पावसानंतर पानं किती तास ओली राहतात ते लिहायला लागले आणि वडिलांच्या फवारणीच्या तारखांशेजारी ते आकडे मांडले. काही फवारण्या ओलावा नसताना झाल्या होत्या. मी हे दाखवल्यावर वडील म्हणाले, “आणि तू सांगितलंस म्हणून थांबलो अन् बाग गेली तर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. किती तासांनंतर धोका किती, हे सांगण्याइतकं मला येत नाही. ते शिकायला मला द्राक्षशेतीचा मेजर हवा आहे, आणि नेवाची गणितं ज्या बागांवर बसवली गेली त्या बागा बघायच्या आहेत. वर्षातून दोनदा छाटलेल्या वेलीवर ती चालतील का, हे मला तिथे विचारायचं आहे.’

बघ, कौतुकाचा एक शब्द नाही. ‘जगप्रसिद्ध’ नाही, ‘स्वप्न’ नाही. वडिलांचं ते वाक्य मात्र राहू दे. तसं काही वडील बोललेच नसतील तर ते घालू नकोस. जे बोलले तेच लिही. खरं वाक्य सहसा बेतलेल्या वाक्यापेक्षा चमत्कारिक असतं आणि म्हणून लक्षात राहतं.

ताई, आता शोध कसा घ्यायचा ते. विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर काहीच नसतं, तिथे हसणारी मुलं आणि शरद ऋतूतली झाडं असतात. खाली उतरा. कोर्स कॅटलॉग बघा, मेजरच्या अटींचं पान बघा, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयांवर प्रबंध लिहिले ते बघा, विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र वाचा. शेवटची गोष्ट मुलं कधी करत नाहीत आणि सगळ्यांत जास्त कळतं ते तिथूनच. जेवणाच्या तक्रारींपासून कुठला कोर्स भरून वाहतो इथपर्यंत. ऑनलाइन माहितीसत्रं फुकट असतात, पण वेळ अमेरिकेची असल्याने आपल्याकडे रात्र होते. तरी एखादं तरी करावं. प्रवेश-अधिकाऱ्याला एक खरा प्रश्न विचारावा, वेबसाइटवर उत्तर असलेला नव्हे.

आणि खाचखळगे. कॅटलॉगमध्ये असलेला कोर्स दरवर्षी शिकवला जातोच असं नाही. काही कोर्स फक्त एमएस-पीएचडीवाल्यांना असतात. ज्या प्राध्यापकांचं नाव लिहिणार ते निवृत्त झालेत का, पदवीच्या मुलांना शिकवतात का, हे त्यांच्या पानावर पाच मिनिटांत कळतं. एका कॉलेजात अर्ज आणि दुसऱ्या कॉलेजातल्या कोर्सचं गुणगान, ही चूक मिशिगन आणि कॉर्नेलच्या अर्जांत हमखास दिसते, कारण तिथे विद्यापीठ एक असलं तरी प्रवेश वेगवेगळ्या कॉलेजांत असतो. मिशिगन तर प्रश्नातच विचारतं की ज्या कॉलेजला अर्ज करता त्याचंच वेगळेपण सांगा.

नावांचे घोळ वेगळेच. पेन म्हणजे फिलाडेल्फियातलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. पेन स्टेट निराळं. वॉशिंग्टन विद्यापीठ सिएटलला आहे, आणि ‘वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुइस’ मिझुरी राज्यात. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, समुद्रकिनारा विसरा. डार्टमथ स्वतःला अजूनही कॉलेज म्हणवतं, तिथे ‘युनिव्हर्सिटी’ लिहिलं की लेखकाने नीट पाहिलं नाही हे कळतं. हे क्षुल्लक वाटेल, पण ‘मला तुमच्याकडेच यायचं आहे’ असं म्हणणाऱ्याने पत्ता तरी बरोबर लिहावा.

शब्दमर्यादेप्रमाणे निबंधाचा बांधा बदलतो. मिशिगनला ५५० शब्द देतात, जॉर्जिया टेकला ३००, येल हाच प्रश्न १२५ शब्दांत विचारतं आणि टफ्ट्स १००मध्ये. प्रश्न आणि मर्यादा अधूनमधून बदलतात. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं, तेव्हा ताज्या बघून घ्या. ५५० शब्दांत सगळी वाटचाल मांडता येते. १०० शब्दांत एकच गोष्ट मावते, आणि तिथे मुलं पाच कोंबतात. अशा वेळी मी सांगते की विद्यापीठाबद्दलची फक्त एक बाब ठेव आणि तिच्यामागचं तुझं कारण दोन वाक्यांत लिही. ‘तिथे अमुक आहे’ याला वीस शब्द पुरतात. उरलेले ‘मला ते का लागतं’ याला.

काही विद्यापीठांचं वेगळेपण एखाद्या विभागात नसतं, शिकवायच्या पद्धतीत असतं. ब्राउनमध्ये १९६९ पासून ‘ओपन करिक्युलम’ आहे, मेजरबाहेर सक्तीचे विषय जवळजवळ नाहीत. कोलंबियात उलट: १९१९ पासूनचा ‘कोअर’, सगळ्यांनी तेच ग्रंथ वाचायचे. विल्यम्समध्ये ट्यूटोरियल असतं: दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक, एका आठवड्यात एकाने लेख लिहायचा आणि दुसऱ्याने तो फोडायचा, पुढच्या आठवड्यात उलट. ब्राउनचं स्वातंत्र्य आणि कोलंबियाची सक्ती या दोन्हींवर एकाच मुलीने एकाच आठवड्यात जीव ओवाळून टाकलेला असतो. दोन्ही अर्ज करायला हरकत नाही, पण कारण वेगळं हवं आणि दोन्ही खरी हवीत. शाळेत आपल्याला वर्षानुवर्षं निवड कधी मिळालीच नाही, म्हणून स्वातंत्र्य हवं असं मराठी मुलं लिहितात. ते पुरेसं नाही. त्या स्वातंत्र्यात पहिल्या सहामाहीत कोणते चार विषय घेशील, आणि ते एकमेकांशेजारी का, हे लिहिता आलं तर पुरेसं आहे.

कोलंबियाचा विषय निघालाच आहे, तर महाराष्ट्रातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कोलंबिया-मसुद्यात बाबासाहेब असतात, त्याबद्दल. ते १९१३ ते १९१६ तिथे शिकले, ड्यूई आणि सेलिग्मन त्यांचे शिक्षक, हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण ‘ज्या विद्यापीठात डॉ. आंबेडकर शिकले तिथे शिकायचा मान मिळावा’ या वाक्यात लिहिणाऱ्याचं स्वतःचं काही नाही. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. एखाद्या मुलाने तो वाचला असेल, जातीबाहेर लग्न न होण्याबद्दलचा त्यातला मुद्दा आपल्या गावच्या लग्नपत्रिका गोळा करून तपासला असेल, आणि आज तेच काम कुठल्या पद्धतींनी करतात हे शिकायला त्याला तो विभाग हवा असेल, तर बाबासाहेब त्या निबंधात हक्काने येतात. नाहीतर त्यांना आपल्या अर्जाच्या कामाला जुंपू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिकागो विद्यापीठाची गोष्ट तशीच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण ऑनलाइन चाळतो तो त्यांच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात आहे. तिथेच दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. आजीच्या बोलीतले शब्द त्या कोशांत शोधत बसणारा, आणि न सापडलेल्यांची यादी करणारा एखादा मुलगा भाषाशास्त्राकडे चालला असेल, तर त्याला ‘शिकागोच का’ हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

या प्रकारच्या उत्तराचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला मराठी नमुना १४० वर्षांपूर्वीचा आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या सेरामपूरला, लोकांसमोर इंग्रजीत उभ्या राहिल्या आणि ‘अमेरिकेलाच का’ या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. भारतात शिकायची सोय नाही का, या प्रश्नाला त्यांनी अमेरिकेचं गुणगान केलं नाही. मद्रासला एक कॉलेज आहे, इलाख्यांत सुइणींचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या मताचे आहेत, असं त्यांनी साफ सांगितलं. आधी इथे काय आहे ते बघितलं, ते कुठे कमी पडतं ते सांगितलं, मग बाहेरचं नाव घेतलं. त्याच वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेलं त्यांचं पत्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात त्या लिहितात की पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा आमच्या बायका मरण पत्करतील. हे वाचल्यावर बायकांना वैद्यकी शिकवणारं कॉलेजच का, हे वेगळं सांगायला लागत नाही. मुलीला हे पत्र जरूर वाचायला द्या. इंग्रजी जुनं आहे, पण कारणांची मांडणी आजही कामाची आहे.

आता उरलेलं भराभर.

पैशाचं या निबंधात आणू नका. ‘आपण दिलेल्या शिष्यवृत्तीमुळेच’ वगैरे वाक्यं नकोत. मदत मागायची जागा अर्जात वेगळी आहे. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर बहुतेक विद्यापीठं निर्णय घेताना ती बाब विचारात घेतात, मोजकीच घेत नाहीत. त्याचा हिशेब यादी करताना करायचा.

इंग्रजी साधं असू द्या. मुलगी घरात मराठी बोलते, तर पहिला खर्डा मराठीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करू दे. मुद्दे तिथे मोकळे येतात. मग तिनेच ते इंग्रजीत लिहावं. क्लासवाल्याने किंवा कुणा भाऊसाहेबांनी ‘सुधारून’ दिलेला मसुदा मुख्य निबंधाशेजारी ठेवला की दोन वेगळी माणसं बोलताना ऐकू येतात. एआयकडून लिहून घ्यायचा मोह होईल, तर कॉमन अ‍ॅपच्या नियमांत एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत मोडतं, हे आधी वाचा. आणि ज्या गुळगुळीत निबंधावरून आपण इतका वेळ बोलतोय, नेमका तसाच तो लिहून देतो.

एकच मसुदा सगळीकडे चालेल का? अर्धा चालेल. बागेचा भाग, वहीचा भाग, न सुटलेला प्रश्न, हे सगळीकडे तेच राहणार. ते बदललं तरच संशय यावा. मात्र विद्यापीठाचा भाग प्रत्येकासाठी नव्याने लिहायचा, जुन्यात नाव बदलून नव्हे. पर्ड्यूच्या निबंधात मिशिगनचं नाव राहिल्याची उदाहरणं दरवर्षी घडतात. पाठवण्याआधी पीडीएफ छापून घ्या आणि घरातल्या कुणाला तरी फक्त नावं तपासायला सांगा. तुम्ही स्वतःच तपासा, ताई. मुलांना स्वतःच्या चुका तेव्हा दिसत नाहीत.

वेळेचं एक. अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच विद्यापीठाला लवकर करायच्या अर्जाची, मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरला असते, आणि प्रवेश मिळाला तर जाणं बंधनकारक असतं. तुमच्याकडे तेव्हा छाटणीचा हंगाम असतो, घरात मजूर, फवारण्या, कधीकधी दिवाळीही त्याच दिवसांत, आणि शाळेत सहामाहीचे निकाल. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन विद्यापीठांचे मसुदे तरी संपलेले असू द्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी जानेवारीची मुदत मिळेल.

यादीतल्या प्रत्येक नावासाठी मुलीला एक संध्याकाळ द्या: कॅटलॉग, मेजरचं पान, विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र. तिच्या वहीतल्या प्रश्नाशी जोडता येईल असं काहीच सापडलं नाही तर शब्दांची जुळवाजुळव करत बसू नका. ते नाव यादीतून काढा. आठ-नऊची यादी पाच-सहावर आली तरी चालेल. एकेका अर्जाची फी सत्तर-ऐंशी डॉलरच्या घरात असते, ती वाचेल, आणि तो वेळ ज्या ठिकाणी सांगण्यासारखं काही आहे त्या निबंधांना मिळेल.